लेकराच्या रक्तातली मुकी कावीळ

पावसाळा आला, पूर्णेला गढूळ पाणी आले, की जाफराबादच्या बाजूला कुठे ना कुठे काविळीचे नाव ऐकू येते. डोळे पिवळे होतात. लघवी पिवळी होते. अन्नाचा वास नको वाटतो. घरातली जाणती बाई लगेच ओळखते आणि म्हणते, "अगं, याला कावीळ झाली."

ही कावीळ सगळ्यांच्या ओळखीची आहे. ती घाण पाण्यातून येते. काही आठवडे राहते आणि बहुतेकांना सोडून जाते. गरोदर बाईला मात्र ती फार धोक्याची असते. पण आज आपल्याला तिच्याबद्दल बोलायचे नाही. आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका काविळीबद्दल.

ही दुसरी कावीळ मुकी आहे. ती पुष्कळदा दिसतच नाही. लेकराचे डोळे पांढरे स्वच्छ असतात. लेकरू जेवते, खेळते, शाळेत जाते. आणि रोग त्याच्या रक्तात असतो. महिना-दोन महिने नव्हे, तर वीस-तीस वर्षे. कधी कधी जन्मभर. दवाखान्यात या रोगाला हिपॅटायटिस बी म्हणतात. आपल्याकडे कोणी 'ब कावीळ' म्हणतात, कोणी 'पांढरी कावीळ'. आपण ब कावीळ म्हणू.

तुम्ही म्हणाल, दिसत नाही, दुखत नाही, मग त्याला रोग कसला म्हणायचे? प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर कळायला आधी यकृत म्हणजे काय ते पाहू.

बकऱ्याची कलेजी तुम्ही पाहिली असेल. तेच यकृत. माणसाचे यकृत उजव्या बाजूला बरगडीखाली असते. आपण खाल्लेले अन्न रक्तात उतरते आणि आधी यकृतात जाते. यकृत त्यातले चांगले ठेवते, विषारी असेल ते निकामी करते. जखमेतले रक्त थांबते तेही यकृताने केलेल्या पदार्थांमुळे. एवढे काम करते, पण कुरकुर करत नाही. निम्मे खराब झाले तरी उरलेले निम्मे सगळा भार उचलते. म्हणून यकृताचे दुखणे माणसाला फार उशिरा कळते.

ब काविळीचा विषाणू या यकृतात घर करतो. विषाणू म्हणजे अतिशय बारीक रोगजंतू. साध्या डोळ्यांना तर नाहीच, पण शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. गंमत अशी की हा विषाणू स्वतः यकृताची फारशी नासधूस करत नाही. नासधूस होते ती भांडणात. कसे ते सांगतो.

शेतात रात्री जागल्या असतो ना, तसे आपल्या रक्तातही जागले असतात. परका कोणी आत शिरला की ते त्याच्यावर धावून जातात. मोठ्या माणसाच्या अंगात ब काविळीचा विषाणू शिरला तर हे जागले त्याला ओळखतात. मारामारी होते. माणूस काही आठवडे आजारी पडतो, मग विषाणूला हाकलून मोकळा होतो. लागण झालेल्या मोठ्या माणसांपैकी शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांच्या अंगात हा रोग कायमचा राहतो.

लहान लेकराचे उलटे आहे. त्याचे जागले अजून नवखे असतात. जन्मताच जो चोर घरात शिरला, त्याला ते घरचाच माणूस समजतात. त्याच्यावर हात उगारत नाहीत. म्हणून जन्माच्या वेळी किंवा पहिल्या वर्षात लागण झाली, तर शंभरापैकी ऐंशी ते नव्वद लेकरांच्या अंगात रोग ठाण मांडतो. वर्षानंतर पण सहा वर्षांच्या आत लागण झाली, तर तीस ते पन्नास जणांच्या अंगात. जेवढे लेकरू लहान, तेवढा रोग चिवट. बाकीच्या रोगांचा अनुभव घेऊन बसलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही. लहानपणी मोठा त्रास झाला नाही म्हणून लोक निर्धास्त होतात. इथे त्रास न होणे हीच खूण आहे की जागले झोपलेले आहेत.

रोग कायमचा राहिला की गेला, हे ठरवायला सहा महिने जावे लागतात. सहा महिन्यांनंतरही रक्त तपासणीत विषाणूची खूण दिसली तर रोगाने मुक्काम केला असे समजतात. ही खूण पहिल्यांदा सापडली ती ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात. ब्लुम्बर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती शोधली. त्याला १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अजूनही काही जुने लोक या तपासणीला 'ऑस्ट्रेलियाची तपासणी' म्हणतात. म्हणून कागदावर तसे लिहिलेले दिसले तर गोंधळू नका. लेकरू काही ऑस्ट्रेलियाला गेलेले नाही!

आता समजा, आपल्याच तालुक्यातल्या एका गावात असा एक मुलगा आहे. त्याला जन्मताच आईकडून लागण झाली. आईलाही ठाऊक नव्हते. पुढे काय होईल?

पहिली दहा-पंधरा वर्षे बहुधा काहीच होणार नाही. विषाणू रक्तात उदंड असेल, पण जागले झोपलेले. मुलगा वाढेल, धावेल, पूर्णेत पोहेल. यकृताची तपासणी केली तर ती चांगली येईल. काहींच्या बाबतीत ही शांतता तीस वर्षांचे होईपर्यंत टिकते.

मग केव्हातरी जागले जागे होतात. कधी शाळेत असताना, बहुतेकदा तरुणपणी. त्यांना एकदम कळते की हा तर परका. मारामारी सुरू होते. पण चोर लपला आहे यकृताच्या पेशींमध्ये. चोराला मारायचे तर घराच्या भिंतीही पडतात. यकृताला सूज येते. तरीसुद्धा पुष्कळांना बाहेरून काही कळत नाही. थोडा थकवा येतो, भूक मंदावते, एवढेच. घरचे म्हणतात, "पोरगं कामाला आळशी झालं." रक्त तपासले तरच सूज कळते.

ही मारामारी काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत जागल्यांनी जिंकली, तर चांगले. विषाणू दबून बसतो, सूज उतरते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत असेच होते, आणि हे आईबापांना मुद्दाम सांगायला हवे. मुलाला ब कावीळ आहे म्हणजे तो जगणार नाही, असे मुळीच नाही. बहुतेक जण शिकतात, संसार करतात, म्हातारे होतात.

पण काही जणांच्या बाबतीत मारामारी संपत नाही. वर्षानुवर्षे धुमसत राहते. काहींचा विषाणू दबतो आणि दहा वर्षांनी पुन्हा उठतो, राखेखालच्या विस्तवासारखा. प्रत्येक वेळी यकृताला जखम होते. जखम भरते पण वण राहतो. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, तसे यकृत आतून टणक होत जाते. मऊ कलेजीची निबर गाठ होते. मग पोटात पाणी भरते, त्यालाच आपण जलोदर म्हणतो. पाय सुजतात. रक्ताची उलटी होते, शौचाला डांबरासारखी काळी होते. काहींना यकृताचा कॅन्सर होतो. मुलींपेक्षा मुलग्यांना त्याचा धोका अधिक. हे बहुतेक चाळिशीच्या आसपास किंवा त्यानंतर घडते. लहान मुलात क्वचित घडते, पण घडते. आणि एक वाईट गोष्ट अशी की ब काविळीत यकृत टणक झाले नसतानाही कधी कधी कॅन्सर होऊ शकतो.

औषधपाणी काहीच केले नाही, तर लहानपणी हा रोग जडलेल्या शंभर जणांपैकी सुमारे पंधरा ते पंचवीस जण पुढे यकृताच्या या दुखण्यांनी जातात. चाळीस वर्षांचा कर्ता माणूस जातो तेव्हा लोक म्हणतात, "अचानक झालं हो." अचानक नव्हे. ते त्याच्या पाळण्यापासून चालू होते.

सिनेनट अमिताभ बच्चन यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. १९८२ साली 'कुली' चित्रपटात मारामारीचे दृश्य करताना त्यांना पोटात जबर मार बसला. मुंबईच्या दवाखान्यात त्यांना रक्ताच्या साठ बाटल्या चढवल्या. सुमारे दोनशे लोकांनी रक्त दिले होते. त्यांतल्या कोणाच्या तरी रक्तात ब काविळीचा विषाणू होता. त्या काळी रक्त त्यासाठी आजच्यासारखे तपासले जात नसे. बच्चन यांना कित्येक वर्षे पत्ताच लागला नाही. कळले तेव्हा यकृताचा पाऊण हिस्सा निकामी झाला होता. हे सारे त्यांनीच लोकांना सांगितले आहे. उरलेल्या पाव यकृतावर ते आजही काम करतात. ते तेव्हा मोठे होते, लहान मूल नव्हते, तरी रोगाचा मुकेपणा तोच. त्यांच्यासारख्या माणसालाही कळले नाही, तर आपल्या लेकराच्या तोंडाकडे पाहून आपल्याला काय कळणार?

तेव्हा कळण्याचा मार्ग एकच, रक्ताची तपासणी. इथे मात्र आईबापांचा एक मोठा घोटाळा होतो. तपासणीत रोग निघतो. ते घाबरून मुलाला मोठ्या डॉक्टरांकडे नेतात. डॉक्टर आणखी तपासण्या करतात आणि म्हणतात, "आत्ता औषध नको. सहा महिन्यांनी या." आईबाप गोंधळतात. एवढा मोठा रोग आणि औषध नाही? डॉक्टरांना काही येत नाही, असे त्यांना वाटते. ते परत फिरतात आणि काविळीची माळ घालणाऱ्याकडे, नाकात रस पिळणाऱ्याकडे जातात.

डॉक्टरांचे म्हणणे समजून घ्या. जागले झोपलेले असताना आजच्या गोळ्यांचा लहान मुलाला फारसा उपयोग होत नाही. गोळी विषाणूची वाढ रोखते, त्याला मुळासकट उपटत नाही. एकदा सुरू केली की ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. म्हणून सूज दिसू लागली, विषाणू फार आहे असे दिसले, की योग्य वेळी ती सुरू करतात. ती वेळ कोणती, हे तपासणीशिवाय कळत नाही. 'सहा महिन्यांनी या' हेच त्या वेळचे औषध आहे. पीक उभे असताना आपण रोज फवारणी करत नाही. पण रोज बांधावर जाऊन पान उलटून पाहतोच ना?

या तपासणीत काय असते? यकृताची सूज सांगणारी रक्ताची तपासणी असते, तिला एसजीपीटी म्हणतात. विषाणू जोमात आहे की दबला आहे हे सांगणारी दुसरी एक असते. विषाणू किती आहे हे मोजणारी तिसरी, ती जरा महाग आहे आणि दर वेळी लागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा पोटाची सोनोग्राफी. सगळे कागद एका पिशवीत घालून ठेवा. सात वर्षांपूर्वीचा कागद आजच्या कागदाशेजारी ठेवला की डॉक्टरांना रोगाची चाल दिसते. नुसता आजचा कागद अर्धीच गोष्ट सांगतो.

गोळ्या सुरू झाल्या तर मनाने बंद करू नका. मुलाला बरे वाटते म्हणून किंवा सुगीच्या घाईत जाणे जमले नाही म्हणून गोळ्या थांबवल्या, की दबलेला विषाणू उसळून उठतो. त्यात यकृत काही दिवसांत बसू शकते. सरकारने २०१८ साली २८ जुलैला विषाणूजन्य काविळीसाठी देशभर कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि या गोळ्या फुकट मिळण्याची सोय आहे. जाफराबादच्या सरकारी दवाखान्यात विचारा, जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारा. मोठी गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरची घाटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना गोळ्या लवकर सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वी 'औषध नको' असे ऐकून घरी बसलेल्यांनी आता पुन्हा जाऊन विचारावे.

माळेबद्दल दोन शब्द. माळ डोक्यावरून खाली उतरते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि रोगी बराही होतो. हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून त्यांचा विश्वास बसतो. पण तो रोगी पाण्यातून आलेल्या काविळीचा असतो. ती माळ न घालताही जाते. मुक्या काविळीत उतरवायला पिवळेपणाच नसतो. झाडपाल्याच्या रसाचे तर आणखी वाईट. कोणत्या पाल्यात काय आहे हे माहीत नसते, आणि ते निस्तरायचे काम पुन्हा त्या दुखऱ्या यकृतावरच पडते.

खाण्यापिण्याचे फार पथ्य नाही. हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस असले काही करून लेकराला वाळवू नका. दोन गोष्टी मात्र पाळा. एक, दारू. मुलगा मोठा झाला की त्याला स्पष्ट सांगा, तुझ्या यकृताला दारूचा एक घोटही परवडणारा नाही. दुसरी गोष्ट आपल्या भागात फारशी कोणी सांगत नाही. आपल्याकडे मका होतो. ओला मका ढिगात राहिला की त्याला बुरशी येते. खवट शेंगदाण्यालाही येते. त्या बुरशीतल्या एका जातीत विष असते आणि ते यकृताचा कॅन्सर घडवते. ब कावीळ असलेल्या माणसाला त्याचा धोका कितीतरी पट वाढतो. बुरशीचा मका निवडून, धुऊन, दळून खाऊ नका. विष धुऊन जात नाही, भाजूनही पुरते जात नाही.

रोग पसरतो कसा? रक्तातून आणि शरीरसंबंधातून. बाळंतपणात आईकडून बाळाला. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली तर. गुजरातमध्ये मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या, ब काविळीची साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. म्हणून सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, लाजू नका. जत्रेत गोंदताना, कान टोचताना, दाढीच्या वस्तऱ्यानेही लागण होऊ शकते. बाहेर सांडून वाळलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो.

एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने, मिठी मारल्याने, डास चावल्याने हा रोग होत नाही. म्हणून असल्या लेकराचे ताट वेगळे करू नका. शाळेत वेगळे बसवू नका. त्याला लागले, रक्त आले, तर जखम झाकायची आणि दात घासायचा ब्रश त्याचा त्यालाच. बास, एवढेच. घरातल्या बाकी सगळ्यांचे रक्त मात्र तपासून घ्या, आणि ज्यांना रोग नाही त्यांना लस द्या. मोठ्या माणसाला तीन सुया लागतात. पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात.

ज्याच्या अंगात रोग आधीच आहे, त्याला लस देऊन उपयोग नाही. लस येणाऱ्या चोराला अडवते, आत बसलेल्याला काढत नाही. म्हणून ती जन्मताच द्यायची, पहिल्या चोवीस तासांच्या आत. पुढे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पाच रोगांच्या एकत्र सुईतून ती पुन्हा मिळते. तैवान देशाने १९८४ साली बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. दहा वर्षांतच तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्या महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात ही लस २००७-०८ च्या सुमारास आली. देशभर २०११ साली. म्हणजे आज ज्या लेकी-सुना पहिलटकरीण आहेत, त्यांतल्या पुष्कळ जणींच्या लहानपणी ही लस नव्हती. भारतात आजही सुमारे तीन कोटी लोकांच्या अंगात हा रोग आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा अंदाज आहे.

रोग असलेली मुलगी लग्नाची झाली की घरात कुजबुज सुरू होते. सांगावे की लपवावे? लपवण्याने काय होते ते पाहा. मुलगी सासरी जाते. गोळ्या चालू असतील तर लपून घ्याव्या लागतात, मग सुटतात. नवऱ्याला लस मिळत नाही. दिवस राहतात तेव्हा ती दवाखान्यात काही बोलत नाही, आणि पुन्हा एक लेकरू जन्मताच त्या चोराला घरचा माणूस समजू लागते. सांगितले तर? नवऱ्याचे रक्त तपासायचे, तीन सुया घ्यायच्या. संसाराला अडचण नाही. मूल होण्याला अडचण नाही. बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही. ज्या घराला एवढे ऐकूनही ती मुलगी नको, त्या घरी ती न गेलेली बरी, असे मला वाटते.

तिला दिवस राहिले की पहिल्याच महिन्यात नर्सबाईकडे नाव नोंदवताना सांगायचे, "मला ब कावीळ आहे." तिच्या रक्तात विषाणू फार असेल तर सातव्या महिन्यापासून तिला गोळ्या देतात. बाळंतपण दवाखान्यातच. बाळ जन्मले की त्याच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत आणखी एक सुई देतात. या दुसऱ्या सुईत तयार जागले असतात. बाळाचे स्वतःचे जागले तयार होईपर्यंत ते पहारा करतात. ही सुई लवकरात लवकर, पहिल्या बारा तासांत दिलेली चांगली. ती सगळ्या दवाखान्यांत हाताशी नसते. आधी मागवून ठेवावी लागते आणि थंड पेटीत आणावी लागते. म्हणून नर्सबाईला सातवा महिना लागताच तिची आठवण करून द्यायची. बाळ वर्षाचे होत आले की त्याचे रक्त एकदा तपासायचे आणि तो कागद आईच्या कागदांच्या पिशवीत ठेवायचा.